राज्यशास्त्राचे प्राध्यापक राल्फ बंच आणि ऱ्होड्सचे ४२ दिवस

वेण्णाकाठ (धागाकर्ती)

परवा अकरावीच्या तासाला एका मुलानं विचारलं, "मॅडम, राज्यशास्त्रात पीएच.डी. करून माणूस शेवटी करतो काय?" वर्ग हसला. मी स्पर्धा परीक्षा, वकिली, पत्रकारिता असं नेहमीचं काहीतरी सांगितलं आणि तास संपवला. घरी आल्यावर मात्र त्या उत्तराची टोचणी लागून राहिली. मुलगा चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर इथे लिहिते आहे. तुम्ही भर घाला, चुकलं तिथे टोका.

राल्फ बंच. जन्म डेट्रॉईटचा, वडील न्हावीकाम करायचे. लहानपणीच आईचं छत्र गेलं आणि लॉस एंजेलिसमध्ये आजीनं, ल्यूसी जॉन्सन यांनी, वाढवलं. शाळेत पहिला नंबर, तरी शहरातल्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळात घेतलं नाही. कारण एकच, कातडीचा रंग. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत व्यायामशाळेची झाडलोट करत शिकले आणि १९२७ साली वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले. हार्वर्डला प्रवेश मिळाला, पण पूर्वेकडे जायला पैसे नव्हते. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय समाजानं वर्गणी काढून हजार डॉलर उभे केले.

१९३४ साली हार्वर्डची पीएच.डी. अमेरिकी विद्यापीठातून राज्यशास्त्राची ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी. त्याआधीच, १९२८ पासून, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ते शिकवत होते. राज्यशास्त्र विभाग त्यांनीच सुरू केला. म्हणजे हाडाचे मास्तर.

आणि हाच माणूस १९४९ साली ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरच्या एका हॉटेलात, एकमेकांशी युद्धात गुंतलेल्या इजिप्त आणि इस्रायलच्या अधिकाऱ्यांना ४२ दिवस धरून बसला आणि शस्त्रसंधीवर सह्या घेऊनच उठला. १९५० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. कोणत्याही विषयातलं नोबेल मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय.

"प्राध्यापकी सोडली आणि मुत्सद्दी झाले" असं त्यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. माझ्या मते त्यांनी काहीच सोडलं नाही. प्रबंधात जे केलं तेच जन्मभर केलं, फक्त जागा बदलल्या. सविस्तर उद्या लिहिते, वह्या तपासायच्या आहेत.

अभ्यासिका

फार आवडलं. पण उद्यापर्यंत थांबवू नका हो, प्रबंधाचा विषय तरी सांगून जा. "तेच जन्मभर केलं" म्हणजे नेमकं काय केलं?

वेण्णाकाठ

बरं, एवढं लिहून मग वह्यांकडे वळते.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, तिच्या वसाहती काढून घेतल्या. त्या उघडपणे लुटल्यासारख्या वाटून घेणं शोभणार नव्हतं म्हणून राष्ट्रसंघानं (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) 'मँडेट' नावाची व्यवस्था काढली. मुलूख तुमचा नव्हे, जगाच्या वतीनं तुम्ही तो सांभाळायचा, तिथल्या लोकांचं भलं करायचं आणि दरवर्षी अहवाल द्यायचा. टोगोचा मोठा भाग असा फ्रान्सकडे आला. त्याला अगदी लागून दाहोमी, म्हणजे आजचा बेनिन. ती फ्रान्सची सरळसरळ वसाहत. दोन मुलूख शेजारी, राज्यकर्ता एकच, कागद तेवढा वेगळा.

बंच यांनी प्रश्न घेतला तो असा: त्या वेगळ्या कागदानं टोगोतल्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडला?

पॅरिसची आणि राष्ट्रसंघाची जिनिव्हातली दप्तरं त्यांनी चाळली आणि १९३२ साली स्वतः पश्चिम आफ्रिकेत गेले. कर कसा गोळा होतो, शाळा किती आहेत, दवाखाना कुठे आहे, गावचा मुखिया कोण नेमतो, हे दोन्हीकडे पाहिलं. निष्कर्ष असा की रोजच्या जगण्यात फरक फार थोडा होता. साहेब तोच, त्याची सवयही तीच. या प्रबंधाला हार्वर्डमध्ये त्यांच्या विषयातलं टोप्पन पारितोषिक मिळालं.

कागद काय म्हणतो आणि जमिनीवर काय घडतं, ही दोन टोकं शेजारी ठेवून पाहायची. "तेच" म्हणजे हे.

माणदेशी

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. एक दुवा जोडतो, आपल्याकडच्या वाचकांना जवळचा वाटेल.

१९३६ साली अमेरिकेत 'नॅशनल निग्रो काँग्रेस' स्थापन झाली. बंच तिच्या संस्थापकांपैकी एक. १९४० मध्ये संघटनेवर कम्युनिस्टांचा ताबा वाढला तेव्हा ते बाहेर पडले. याच संघटनेनं १९४६ साली कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाबद्दल संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. त्याची बातमी वाचून मुंबईहून एका माणसानं अमेरिकेतले थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास करणं गरजेचं आहे, त्या अर्जाच्या प्रती मिळाल्या तर बरं, अशा आशयाचं. पत्र लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दु बॉइस यांनी त्याच जुलैच्या अखेरीस उत्तरही धाडलं.

बंच आणि बाबासाहेब यांची भेट झाली असं मी म्हणत नाही. पण दोघांचा मार्ग पाहा. दोघंही समाजाच्या तळातून परदेशी विद्यापीठांच्या पदव्यांपर्यंत पोहोचले, दोघंही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले (बाबासाहेब विसाच्या दशकाच्या सुरुवातीला, बंच १९३७ मध्ये मानववंशशास्त्रासाठी मालिनोव्स्कींकडे), आणि दोघांनीही कायद्याचा मसुदा हे आपलं हत्यार केलं. बाबासाहेबांनी देशाच्या घटनेचा मसुदा केला, बंच यांचा हात लागला जगाच्या सनदेला. मला तरी हे साम्य नुसतं योगायोगाचं वाटत नाही. ज्याला दारातून हाकललेलं असतं, तो दारावरच्या नियमाचा शब्दन् शब्द वाचतो.

रेवा न्यूयॉर्क

माणदेशी, शेवटच्या वाक्याला दंडवत.

मी न्यूयॉर्कला कराराच्या मसुद्यांचंच काम करते, त्यामुळे सनदेबद्दल थोडं लिहिते. युद्धाच्या काळात बंच आधी अमेरिकी गुप्तवार्ता खात्यात आफ्रिकेचे जाणकार म्हणून गेले, १९४४ मध्ये परराष्ट्र खात्यात. तिथून संयुक्त राष्ट्रांची आखणी झाली त्या डंबार्टन ओक्सच्या बैठकीला आणि १९४५ ला सनद ठरली त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ११ वं प्रकरण (स्वराज्य नसलेले प्रदेश) आणि १२ वं (विश्वस्त व्यवस्था) यांच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आता वेण्णाकाठ यांचा मुद्दा इथे लावून पाहा. मँडेटमध्ये राज्यकर्त्यानं अहवाल द्यायचा आणि जिनिव्हात बसलेल्या मंडळींनी तो वाचायचा. गावात जाऊन बघण्याची सोय नव्हती. तक्रार करायची तर तीही त्याच राज्यकर्त्याच्या हातून पाठवायची. सनदेचं ८७ वं कलम काढून वाचा: विश्वस्त मुलखांतल्या अर्जांची दखल घ्यायची, त्यांची तपासणी करायची आणि ठरावीक काळानं तिथे प्रत्यक्ष भेटी द्यायच्या. प्रबंधात दिसलेली भोकं इथे बुजवलेली दिसतात. ते कलम एकट्या बंच यांचं असं मी म्हणणार नाही, असे मजकूर पन्नास हातांतून जातात. पण १९४६ साली संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त विभाग चालवायला बसले ते बंचच.

विश्वस्त मुलूख एकूण ११ होते. शेवटचा पलाऊ, तो १९९४ साली मोकळा झाला. आणि बंच यांचं टोगो? एप्रिल १९६० मध्ये स्वतंत्र. दाहोमी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.

खलाशी

धागा चांगला आहे, म्हणूनच विरोधी बाजू मांडतो.

ऱ्होड्सला शांतता झाली नाही. झाली ती इस्रायलशी शस्त्रसंधी. इजिप्त २४ फेब्रुवारी १९४९, लेबनॉन २३ मार्च, जॉर्डन ३ एप्रिल, सीरिया २० जुलै. या चारही सह्यांमध्ये पॅलेस्टिनी माणसाची सही कुठे आहे? सुमारे ७ लाख माणसं घरदार सोडून गेली होती आणि त्यांच्या वतीनं बोलणारं टेबलावर कुणी नव्हतं. करार राज्यांमध्ये झाले. १९५६, १९६७, १९७३, आणि आजही काय चाललंय ते आपण पाहतोच. मग नोबेल नेमकं कशाचं? वसाहतीतल्या माणसाच्या बाजूनं प्रबंध लिहिणाऱ्या विद्वानानं ही उणीव पाहिली नसेल असं मला वाटत नाही, आणि मला तेच खटकतं.

वेण्णाकाठ

खलाशी, प्रश्न अगदी योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. पण आधी ऱ्होड्स कसं घडलं ते सांगते, नाहीतर उत्तर हवेत राहील.

१९४७ मध्ये पॅलेस्टाइनसाठी संयुक्त राष्ट्रांची ११ देशांची समिती नेमली गेली. बंच तिच्यासोबत सचिवालयाकडून गेले. समितीत फूट पडली. बहुमत फाळणीच्या बाजूनं. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांचं म्हणणं एकच संघराज्य असावं. (भारताचे प्रतिनिधी होते सर अब्दुर रहमान.) बंच यांनी या दोन्ही अहवालांचं लेखन केलं. ज्याला दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यांच्याहून नीट मांडता येतं, त्याच्यावर पुढे दोन्ही बाजू विश्वास टाकतात.

१९४८ मध्ये इस्रायल आणि शेजारच्या अरब देशांत युद्ध पेटलं. स्वीडनचे काउंट बर्नाडोट मध्यस्थ झाले, बंच त्यांचे मदतनीस. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये लेही या ज्यू दहशतवादी गटानं बर्नाडोट यांना गाडीत गोळ्या घातल्या. शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो हेही गेले. त्या दिवशी बंच बर्नाडोट यांच्यासोबत असायचे होते, पण त्यांना पोहोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवसापासून मध्यस्थाचं काम त्यांच्या अंगावर आलं.

१६ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेनं ठराव केला: शस्त्रसंधी करा. त्यांच्या हाती होतं ते एवढंच. निर्वासित, जेरुसलेम, कायमची शांतता हे विषय महासभेनं ११ डिसेंबरच्या ठरावानं दुसऱ्या आयोगाकडे दिले. त्या आयोगाच्या १९४९ मधल्या लोझानच्या बैठकींतून काही निघालं नाही.

१३ जानेवारी १९४९, ऱ्होड्स, हॉटेल दे रोझ. दोन्ही शिष्टमंडळं एकाच हॉटेलात, वेगवेगळ्या मजल्यांवर. बंच यांनी सुरुवात कशानं केली? कार्यक्रमपत्रिकेनं. वादाच्या सीमारेषेला हात न लावता, कोणते विषय कोणत्या क्रमानं घ्यायचे एवढंच दोघांकडून मान्य करून घेतलं. एका खोलीत बसायची आणि एकाच कागदाला होकार द्यायची सवय लागावी, हा त्यातला हेतू होता. मग एकेकाशी वेगळं बोलायचं, मसुदा नेऊन दाखवायचा, शब्द बदलायचा, परत आणायचा. मध्यरात्रीनंतरही बैठका चालायच्या. अधूनमधून बिलियर्ड्सच्या टेबलाशी खेळ व्हायचा.

सगळ्यात कठीण गाठ दक्षिण पॅलेस्टाइनमधल्या फालुजा गावाची. तिथे इजिप्तची एक ब्रिगेड वेढ्यात अडकली होती (तिच्यात गमाल अब्देल नासर नावाचा एक तरुण अधिकारीही होता). इजिप्तला ती मानानं बाहेर काढायची होती, इस्रायलला ती हातातून सोडायची नव्हती. शेवटी तिची सुटका करारातच आली.

आणखी एक हकिकत सांगतात. बंच यांनी ऱ्होड्सच्या कुंभारांकडून नक्षीच्या थाळ्या करवून घेतल्या होत्या, वाटाघाटींची आठवण म्हणून. सह्या झाल्यावर त्या वाटल्या. कुणीतरी विचारलं, "सह्या झाल्या नसत्या तर?" तर म्हणाले, "तुमच्या डोक्यात घातल्या असत्या."

आता खलाशींचा प्रश्न. पॅलेस्टिनींचा आवाज तिथे नव्हता हे खरं, आणि ती उणीव मोठी आहे. पण त्या करारांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: ही रेषा सैन्यानं कुठे थांबायचं ते सांगते, राजकीय सीमा किंवा कुणाचा हक्क ठरवत नाही. हे वाक्य निष्काळजी माणसाच्या हातून येत नाही. पुढच्या प्रश्नाचं दार त्यानं उघडं ठेवलं. त्या दारातून पुढे कुणी गेलं नाही, याचं ओझं एकट्या बंच यांच्यावर टाकायला माझं मन धजत नाही.

खलाशी

दार उघडं ठेवलं, हे मान्य. लोझानचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. काम मर्यादित होतं म्हणून पुरस्कारही मर्यादितच मानावा.

रेवा न्यूयॉर्क

खलाशी, गंमत म्हणजे बंच यांचं मतही काहीसं तसंच होतं! नोबेल नाकारायचं त्यांच्या मनात होतं. सचिवालयातली माणसं बक्षिसासाठी काम करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी गळ घातली, संयुक्त राष्ट्रांसाठी ते चांगलं आहे म्हणून, तेव्हा घेतलं.

सुनंदा कोरेगाव

मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. चूक झाली तर सांभाळून घ्या.

माझे वडील फौजेत होते. लग्नाआधी एक वर्ष ते गाझाला होते, युनोच्या फौजेत. आमच्या घरी त्यांची निळी टोपी होती, ट्रंकेत तळाशी, डांबराच्या गोळ्यांबरोबर. लहानपणी आम्ही विचारायचो, "दादा, तुम्ही तिथे कुणाशी लढलात?" ते म्हणायचे, "कुणाशीच नाही. आम्ही एका चराची राखण केली."

आम्हाला कळायचंच नाही. ते जमिनीवर काठीनं ओढून दाखवायचे. एक हातभर रुंद चर, अलीकडे संत्र्यांच्या बागा, पलीकडे नांगरलेली शेतं. दिवसभर चौकीवरून बघायचं आणि रात्री गस्त घालायची. "चर ओलांडून बकरी गेली तरी कागद करावा लागायचा," म्हणायचे. आम्हाला वाटायचं फौजी माणूस आणि चराची राखण कसली करायची.

ताई, तो चर म्हणजे तुमच्या या ऱ्होड्सच्या कागदावरची रेषा का? मला कुणी नीट सांगितलं तर बरं होईल. वडील आता नाहीत.

वेण्णाकाठ

सुनंदाताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही.

होय, तीच रेषा. २४ फेब्रुवारी १९४९ च्या करारात गाझाभोवती जी रेषा ठरली, ती पुढे जमिनीवर चर खणून दाखवली गेली. १९५६ मध्ये सुएझचं युद्ध झालं तेव्हा सरचिटणीस हॅमरशोल्ड यांनी संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतिसेना उभी केली, आणि तिची रोजची जुळवाजुळव बंच यांच्याकडे होती. कोणत्या देशाची किती माणसं घ्यायची, त्यांना न्यायचं कसं, जेवणाचं काय, सगळं. इजिप्तच्या सैनिकांपासून ही माणसं वेगळी दिसायला हवीत, आणि इतक्या टोप्या एवढ्या घाईत मिळेनात. म्हणून अमेरिकी शिरस्त्राणांची आतली कवचं निळ्या रंगात रंगवून दिली. जगभर ओळखीचा झालेला तो निळा रंग अशा घाईत ठरला. तुमच्या ट्रंकेतली टोपी त्याच घराण्यातली.

भारताची तुकडी तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. एक काळ जनरल ग्यानी त्या सेनेचे प्रमुख होते, शेवटचे प्रमुख जनरल रिखी. मे १९६७ मध्ये नासर (फालुजात अडकलेले तेच, आता इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष) यांनी सेना हटवायला सांगितली, ५ जूनला युद्ध सुरू झालं, आणि निघायच्या तयारीतले काही भारतीय जवान त्यात मारले गेले. ज्यानं ती सेना उभी केली त्यालाच ती गुंडाळायची वेळ आली. तेव्हा बंच यांची दृष्टी मधुमेहानं अधू होत चालली होती.

तुमच्या वडिलांनी ज्याची राखण केली तो चर दहा वर्षं बऱ्यापैकी शांत राहिला, ताई. बकरीचा कागद करण्यातच ते काम होतं.

अभ्यासिका

सुनंदाताई, टोपी अजून असेल तर जपून ठेवा. आणि वडिलांनी सांगितलेलं सगळं एका वहीत लिहून काढा, तारखा नसल्या तरी चालतील.

माणदेशी

काँगोचा उल्लेख राहिला. तो टाळला तर चित्र खोटं होईल.

३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झालं, बंच त्याआधी काही दिवस तिथे पोहोचले होते. आठवड्याभरात सैन्यात बंड, मग बेल्जियमच्या फौजा आल्या आणि ११ जुलैला कटांगा प्रांत फुटला. संयुक्त राष्ट्रांची सेना १५ जुलैपासून उतरू लागली, सेनापती येईपर्यंत तिचा भारही बंच यांनीच वाहिला. ऑगस्टच्या सुरुवातीला ते कटांगात गेले, तिथला सशस्त्र विरोध पाहिला आणि सेना लगेच आत पाठवू नये असं कळवलं. पंतप्रधान लुमुंबांना तो विश्वासघात वाटला. महिनाअखेर बंच परतले, त्यांच्या जागी आपले राजेश्वर दयाल गेले. जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबांची हत्या झाली.

ज्या आफ्रिकेवर प्रबंध लिहिला, तिथल्याच एका नव्या पंतप्रधानाचा विश्वास त्यांना राखता आला नाही. मला त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात दुःखाचा भाग वाटतो. ऱ्होड्सला दोन्ही पक्षांना आपलं काय ते ठाऊक होतं. काँगोत राज्यच अजून उभं राहायचं होतं, आणि पाठीमागे बड्या सत्ता ओढाताण करत होत्या. कार्यक्रमपत्रिकेवर सही घ्यायची तर पुढे बसलेला माणूस उद्या पदावर असायला हवा ना.

रेवा न्यूयॉर्क

घरच्या आघाडीबद्दल दोन ओळी, कारण मुलांना ते सांगावं असं वाटतं. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी परराष्ट्र खात्यात मोठं पद देऊ केलं. बंच यांनी नाही म्हटलं. वॉशिंग्टनमधला वर्णभेद त्यांनी प्राध्यापक असताना भोगला होता, मुलांना पुन्हा त्यात न्यायचं नव्हतं. १९५४ मध्ये त्यांच्या देशनिष्ठेची चौकशीही झाली, निर्दोष ठरले. १९५९ मध्ये फॉरेस्ट हिल्सच्या टेनिस क्लबनं त्यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारलं. बोभाटा झाल्यावर क्लबनं माफी मागून सदस्यत्व देऊ केलं, ते यांनी घेतलं नाही. नोबेल मिळालेल्या बापाच्या मुलाला दार उघडलं म्हणून साध्या कृष्णवर्णीय मुलाला ते उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत ते चालले, तब्येत ढासळलेली असताना.

९ डिसेंबर १९७१ ला ते गेले. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे त्यांच्या नावाची छोटी बाग आहे, मध्ये उंच पोलादी स्तंभ. दुपारी डबा खायला मी कधीकधी तिथे बसते.

वेण्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आज तासाला त्या मुलाला सांगितलं. सगळं नाही, टोगो-दाहोमी आणि ऱ्होड्स एवढंच. सुनंदाताईंच्या वडिलांचा चरही सांगितला (ताई, नाव न घेता). त्यावर त्यानं विचारलं, "मग असं शेजारी शेजारी ठेवून आपल्याकडे काय बघता येईल?"

मुलांनीच ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत दोन शेजारच्या गावांच्या ग्रामसभांचं इतिवृत्त मिळवायचं, आणि त्यात हजर म्हणून नोंद असलेल्या बायकांना घरी जाऊन विचारायचं: त्या दिवशी तुम्ही तिथे होता का, आणि बोललात का. प्रश्नावलीचा पहिला मसुदा फळ्यावर लिहून झाला आहे. उद्या तो इथे टाकते, रेवा आणि खलाशी, तुम्ही दोघांनी शब्द तपासून द्या.

सुनंदा कोरेगाव

टोपी सापडली. आईच्या पातळात गुंडाळलेली होती. रंग विटलाय पण निळा कळतो.